निळं टोक, लाल टोक आणि मधली झडप

मघाशी एकांनी विचारलं, “एसी चालू असताना तापमानाचा खटका लाल म्हणजे गरम बाजूला सरकवला तर काही बिघडतं का?” काही बिघडत नाही. पण हा प्रश्न जवळपास प्रत्येक जुन्या गाडीवाल्याच्या मनात असतो, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

जुनी गाडी म्हणजे जिच्यात तापमान आपोआप राखणारा संगणक नाही, अशी गाडी. तुम्ही खटका सरकवता, डॅशबोर्डच्या पोटात एक केबल ओढली जाते आणि एक झडप हलते. ब्लोअरची हवा आधी एसीच्या कूलिंग कॉईलमधून जाते. त्यापुढे हीटरचा छोटा रेडिएटर असतो, हाताच्या पंजाएवढा समजा; त्यातून इंजिनाचं गरम पाणी फिरतं. किती हवा त्याच्यातून जाणार आणि किती त्याला वळसा घालणार, एवढंच ती झडप ठरवते. काही गाड्यांत झडपेऐवजी गरम पाण्याचा व्हॉल्व्ह असतो. थोडक्यात, एसी आणि हीटर एकमेकांचे वैरी नाहीत. एकाच वाटेवर मागेपुढे उभे आहेत.

हे कळलं की काचेवरची वाफ हा विषय सोपा होतो. आपल्या श्वासातली ओल थंड काचेवर जमते. नुसता हीटर लावला तर काच तापते, पण ओल आतच राहते. एसीची कॉईल ती ओल पाणी करून गाडीखाली टाकते. म्हणून एसी चालू, खटका लाल बाजूला, हवा काचेकडे, आणि महत्त्वाचं म्हणजे बाहेरची हवा आत घेणारा डॅशबोर्डचा मार्ग उघडा. आतलीच हवा फिरवत बसलात तर स्वतःचाच श्वास काचेवर परत येतो.

उन्हात तापलेल्या गाडीत मात्र क्रम वेगळा. आधी काचा खाली करून थोडं अंतर चालवा, भट्टीतली हवा बाहेर जाऊ द्या. मग काचा वर, एसी, आणि आता आतली हवा फिरवा. गार झालेलीच हवा पुन्हा गार करणं कॉम्प्रेसरला, म्हणजे एसीचा गॅस दाबणाऱ्या पंपाला, सोपं जातं. लांबच्या प्रवासात अधूनमधून बाहेरची हवा घ्यायला विसरू नका, बंद हवेत गुंगी येते.

हीटरची ऊब जवळजवळ फुकटची असते. पेट्रोल इंजिनात जळणाऱ्या इंधनातली बरीचशी ऊर्जा चाकांपर्यंत पोहोचतच नाही, उष्णता होऊन वाया जाते. हीटर त्यातलीच थोडी उचलतो. एसीचं तसं नाही, कॉम्प्रेसर पट्ट्यावर फिरतो आणि इंजिनाची ताकद खातो. म्हणूनच चढावर तापमानाचा काटा वर सरकायला लागला, तर एसी बंद आणि हीटर पूर्ण, ब्लोअरही पूर्ण. घाम फुटेल, पण इंजिनाला दुसरा रेडिएटर मिळतो. सुरक्षित जागा दिसली की थांबा. आणि गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, कितीही घाई असली तरी. काटा वर आणि हीटरमधून गार हवा, असं एकदम झालं तर समजा कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, खाली गेलंय. लगेच इंजिन बंद.

माझ्या एका गाडीत शेजारच्या सीटखालचा गालिचा सारखा ओला व्हायचा. मी पावसाला दोष देत राहिलो. समोरची काच आतून तीनदा पुसली, तरी तेलकट थर परत यायचा. शेवटी गालिच्यावर पांढरा कागद दाबला. तो हिरवट झाला, बोटांना चिकट लागला, वास गोडसर. हीटरचा रेडिएटर गळत होता. कागदावर नितळ पाणी आलं असतं तर एसीचं पाणी बाहेर टाकणारी नळी तुंबलीय असा अर्थ होता, आणि ते काम तारेच्या एका तुकड्याने झालं असतं.

गॅसबद्दल थोडं कडक बोलतो. एसीचा गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. दर वर्षी भरावा लागत असेल तर तो कुठेतरी गळतोय. जोडांवर तेलकट डाग शोधा, गॅसबरोबर तेलही झिरपतं. एका गॅरेजने मला दोनदा गॅस भरून दिला, गळती एकदाही शोधली नाही. मीही विचारलं नाही, हे कबूल. 1987च्या माँट्रियल करारानंतर आर-12 हा जुना गॅस हळूहळू बंद झाला आणि आर-134ए आला. दोघांचं तेल वेगळं, त्यामुळे एकावर दुसरा भरायचा नाही. बॉनेटखालचं लेबल आधी वाचा. आणि गाडी पळताना गार, उभी असताना कोमट, असं असेल तर गॅसच्या आधी कंडेन्सरचा, म्हणजे एसीच्या गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या पुढच्या जाळीचा, पंखा फिरतोय का ते पाहा.

थंडीतही पंधरवड्यातून एकदा दहा मिनिटं एसी चालवा, म्हणजे तेल फिरतं आणि कॉम्प्रेसरचं सील कोरडं पडत नाही. ब्लोअर फक्त शेवटच्या वेगावरच चालत असेल तर बहुतेक ब्लोअरचा वेग कमी करणारा रेझिस्टर जळालेला असतो, किरकोळ काम आहे.

राहिली जुनी फोक्सवॅगन बीटल. तिच्या हवेवर गार होणाऱ्या इंजिनाला पाणीच नाही, त्यामुळे एक्झॉस्टच्या नळ्यांभोवती तापलेली हवा आत येते. त्या नळीला भेग पडली की तिच्यातून कार्बन मोनॉक्साईड आत येतो, ज्याला रंग नाही, वास नाही. अशा गाडीत डोकं जड वाटलं, तर आधी काचा खाली करा, हीटर बंद करा आणि गाडी बाजूला घेऊन बाहेर पडा.