नि. डा. अं.

(दृश्य: रजिस्टरचं पान, अगदी जवळून)

ग्रामसभेचं हजेरी रजिस्टर. रायगड जिल्ह्यातल्या एका कातकरवाडीची, म्हणजे कातकरी आदिवासींच्या वस्तीची, ही नावं. सहीच्या रकान्यात निळा ठसा, शेजारी दुसऱ्याच कुणाच्या वळणात लिहिलेलं: नि. डा. अं. निशाणी डावा अंगठा.

हा ठसा दारातच घेतला जातो. सभा नंतर, चर्चा त्यानंतर, आणि ठराव तर पुष्कळदा दुसऱ्या दिवशी प्रोसिडिंग बुकात उतरतात. सूचक अमुक, अनुमोदक तमुक. ‘हजर होतो’ म्हणून दिलेला अंगठा ‘मंजूर आहे’ म्हणून धरला जातो तो इथे. ज्याला वाचता येतं तो मागचं इतिवृत्त वाचायला लावतो, न झालेल्या ठरावावर बोट ठेवतो. वाचता न येणाऱ्यानेही दोन गोष्टी मागाव्यात: ठराव तिथल्या तिथे लिहून मोठ्याने वाचा, आणि शेवटच्या ओळीखाली रेघ मारा. रेघेखालच्या कोऱ्या जागेत मागाहून काहीही मावतं.

कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतला कमी असेल तो. तो भरला नाही तर सभा तहकूब. तहकूब सभेला कोरमच लागत नाही, मग मूठभर माणसांत विषय मंजूर होतात.

(दृश्य: वीटभट्टी, पहाट. मुलं कच्च्या विटा उलटताहेत)

दिवाळी झाली की वाडी रिकामी होते. पावसाळ्यात घेतलेली उचल फेडायला अख्खं कुटुंब भट्टीवर जातं, परततं ते मे अखेरीला. ग्रामसभा साधारण 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरला. पहिल्या दोन्ही सभांच्या वेळी ही माणसं भट्टीवर असतात. शाळेचं दुसरं सत्रही तेव्हाच. आईबापांची सभा आणि पोराची शाळा एकाच टेम्पोत बुडते.

शाळेपुरता उपाय कागदावर आहे. मुख्याध्यापकांनी शिक्षण हमी कार्ड द्यायचं, भट्टीजवळच्या शाळेने मूल दाखल करून घ्यायचं. दाखला आला नाही म्हणून शिक्षण हक्क कायद्याने प्रवेश अडवता येत नाही. पण कार्ड टेम्पो सुटण्याआधी हातात पडलं पाहिजे. टेम्पो रात्री सुटतो.

(दृश्य: महाड, चवदार तळं)

इथे 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी पाण्याला हात लावला. पुढे राज्यकारभारातल्या सुधारणा ठरवायला आलेल्या ब्रिटिशांच्या सायमन कमिशनच्या वेळी त्यांनी प्रत्येक प्रौढाला मत मागितलं. मताला साक्षरतेची अट घालणारे चुकतात, असं त्यांनी स्पष्ट मांडलं. मत मिळालं. मात्र आज महाराष्ट्रात 1 जानेवारी 1995 किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला सरपंच व्हायला सातवी पास असावं लागतं. चौथीत भट्टीवर गेलेली मुलगी मत देईल, उभी राहू शकणार नाही. शाळा तिला टिकवू शकली नाही, आणि शिक्षा मात्र तिलाच. आम्हाला हे मान्य नाही.

घरकुलाची यादी, वनहक्काचा दावा, वाडीचा रस्ता, सगळं याच ग्रामसभेतून जातं.

(दृश्य: वाडीच्या तोंडाशी टेम्पो. हंडे, गोधड्या, कोंबडीची टोपली चढते. शेवटी एक दप्तर. निवेदन नाही.)