फोडी वाळत घालण्यापूर्वी

श्रोतेहो, नमस्कार.

वसईची सुकेळी ज्यांनी वाळताना पाहिली आहेत, त्यांना ठाऊक आहे की सोललेले राजेळी केळे ऊन खाता खाता मधासारखे तपकिरी होते आणि तो रंगच सुकेळ्याची ओळख ठरतो. आंब्याची फोड मात्र अशी काळवंडली, तर गिऱ्हाईक तिला हात लावत नाही. म्हणून वाळवणीपूर्वी फोडींवर जी पूर्वप्रक्रिया करतात, तिच्याविषयी आज बोलतो.

फळ कापताच पेशी फुटतात आणि त्यांतील विकर, म्हणजे एन्झाइम, प्राणवायूच्या साहाय्याने गर तपकिरी करू लागते. उकळत्या पाण्यात किंवा वाफेत दोन-तीन मिनिटे ठेवल्यास हे विकर निकामी होते, शिवाय पेशींचे पडदे सैल झाल्याने पाणीही लवकर सुटते. कच्च्या केळ्याच्या चकत्यांना हे मानवते. पिकलेली पपई मात्र लिबलिबीत होते, आणि पाण्यात बुडवल्यास बरेचसे क जीवनसत्त्व त्या पाण्यात उतरते.

गंधकाची धुरी किंवा पोटॅशियम मेटाबायसल्फाइट या गंधकयुक्त परिरक्षकाचे द्रावण रंग उत्तम राखते आणि क जीवनसत्त्वही जपते, यात शंका नाही. परंतु ब-१ जीवनसत्त्व त्याने नष्ट होते आणि दम्याच्या काही रुग्णांना अशा फळाने त्रास होतो, म्हणून पाकिटावर त्याचा स्पष्ट उल्लेख हवाच, असे मी आग्रहाने सांगेन.

घरगुती उद्योगासाठी मला साखरेचा पाक अधिक पसंत आहे. आंबा, अननस किंवा फणसाच्या फोडी सुमारे 60 टक्के साखरेच्या पाकात, थोडे सायट्रिक आम्ल घालून, काही तास बुडवून ठेवल्या की फळातील पाणी आपोआप पाकात ओढले जाते आणि थोडी साखर आत शिरते. आच न लागता पाण्याचा मोठा वाटा निघून गेल्याने वाळवणीला कमी पाणी उरते, आणि रंग व स्वाद चांगले टिकतात. याचीही किंमत आहेच: फोड गोड होते, आणि आत शिरलेली साखर उरलेल्या पाण्याला सहजी बाहेर पडू देत नाही, त्यामुळे शेवटचा टप्पा रेंगाळतो. अशा वेळी घाईने आच वाढवू नये. 55 ते 60 अंश सेल्सिअस पुरेसे आहे. त्याहून फार वर गेल्यास पृष्ठभाग कडक होतो, ओल आत अडकते आणि वरून कोरडी दिसणारी फोड पुढे बुरशी धरते.

पाकातून काढलेल्या फोडी निथळून, पाण्यातून झटकन काढाव्यात, म्हणजे ताटांना चिकटत नाहीत. उरलेला पाक ओतून देऊ नका; फळाचा आंबटपणा आणि सुवास त्यात उतरलेला असतो, तेव्हा तो गाळून, उकळून सरबतासाठी वापरावा.