दोस्ताचं अर्धं राहिलेलं काम

नमस्कार श्रोतेहो. आज कोशिरो ओन्चीबद्दल बोलायचंय, माझा फार लाडका छापचित्रकार. १८९१ चा जन्म, टोकियोचा. वडिलांची इच्छा पोरानं डॉक्टर व्हावं, पण पोरगं गेलं आर्ट स्कूलला, आणि तिथं त्याला दोन दोस्त मिळाले, तानाका आणि फुजिमोरी. १९१४ मध्ये तिघांनी छापचित्रांचं आणि कवितांचं 'त्सुकुहाए' हे मासिक सुरू केलं, आधी तर नुसत्या तीन प्रती काढायचे, तिघांना तीन!

तानाकाला टीबी होता. १९१५ मध्ये तो गेला, तेविशीत. त्याच वर्षी ओन्चीनं 'अकारुई तोकी' म्हणजे 'उजळ वेळ' हे चित्र छापलं, त्यात ना माणूस ना डोंगर, नुसते आकार आणि रंग. जपानमधल्या अगदी पहिल्या अमूर्त चित्रांत ते धरतात. लोक म्हणतात अमूर्त म्हणजे कोरडं, डोक्यानं काढलेलं, मला ते अजिबात पटत नाही, ओन्ची तर आपल्या कितीतरी चित्रांना 'भावगीत' असंच नाव द्यायचा.

आता हे बघा, जुन्या उकियो-ए मध्ये, म्हणजे लाकडी ठशांनी छापलेल्या जपानी चित्रांत, चित्र काढणारा वेगळा, लाकूड कोरणारा वेगळा, छापणारा वेगळा. ओन्ची आणि त्याच्या पिढीतले म्हणाले, तिन्ही कामं आपल्याच हातानं. मग पुढे तर त्यानं नुसतं लाकूडही पुरेसं मानलं नाही, झाडाचं पान, सुतळी, कापड, पुठ्ठा, जे हाताला लागेल त्याला रंग लावून कागदावर दाबायचा, म्हणून त्याच्या चित्रात पानाची शीर न् शीर दिसते. एकेका चित्राच्या प्रती मात्र मोजक्याच काढायचा. पोट भरायचं ते पुस्तकांची कव्हरं आणि मांडणी करून.

आणि पुस्तकांवरून आठवलं. कवी हागिवारा साकुतारो यांच्या पहिल्या संग्रहाची चित्रं खरं तर तानाका करणार होता. तो गेल्यावर ओन्चीनं दोस्ताची मागे राहिलेली चित्रं गोळा केली, आपली थोडी घातली आणि १९१७ मध्ये ते पुस्तक पुरं केलं. हे वाचलं तेव्हा मला भरून आलं होतं.

१९४२ मध्ये हागिवाराही गेले. पुढच्या वर्षी ओन्चीनं त्यांचा चेहरा लाकडात कोरला, अमूर्त वगैरे काही नाही, सरळ माणूसच, कपाळावर खोल आठ्या, विस्कटलेले केस, थकलेले डोळे. कधी मिळालं तर ते चित्र जरूर बघा, आणि घाई न करता बघा.