मतपत्रिकेच्या शेवटच्या पानावरची नावं

(अमेरिकेत शिकागोजवळच्या आमच्या मंडळाच्या संक्रांत मेळाव्यात केलेलं भाषण. संकेतस्थळासाठी किंचित संपादित.)

नमस्कार मंडळी.

जेवणाला अजून अर्धा तास आहे. तेवढा वेळ मला बोलू दिलंत याबद्दल कार्यकारिणीचे आभार. आधी एक गोष्ट सांगून टाकते. आपलं मंडळ धर्मादाय संस्था म्हणून नोंदलेलं आहे, त्यामुळे या व्यासपीठावरून कोणत्याही उमेदवाराचा प्रचार करता येत नाही, आणि मला तो करायचाही नाही. आज मी एकाही उमेदवाराचं नाव घेणार नाही. आपण ती नावं निवडतो कशी, एवढ्यावरच मला बोलायचंय.

मार्चमध्ये आपल्या इलिनॉय राज्याची प्रायमरी आहे, म्हणजे पक्षांचे उमेदवार ठरवणारी निवडणूक, आणि नोव्हेंबरमध्ये मुख्य निवडणूक. वरच्या पदांवर कोण येणार यावर आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटात आत्तापासून रोज वाद चालू आहेत. पण तीच मतपत्रिका शेवटपर्यंत वाचत गेलं की कुक काउंटीच्या, म्हणजे शिकागो आणि आसपासच्या या जिल्ह्याच्या, न्यायाधीशांची नावं सुरू होतात आणि संपता संपत नाहीत. प्रायमरीत नवे उमेदवार असतात. नोव्हेंबरात आधीपासून खुर्चीवर असलेल्या न्यायाधीशांची यादी असते, कधी साठाच्या वर, आणि प्रत्येक नावापुढे 'होय' किंवा 'नाही'. तिथं पोचेपर्यंत माणूस कंटाळलेला असतो. काही जण ते पान कोरंच सोडतात. काही जण सगळ्यांना 'होय' करून मोकळे होतात. काही जण नाव बघून ठरवतात. मी या तिसऱ्या प्रकारातली होते.

यात आपला फार दोष आहे असं मी म्हणणार नाही. न्यायाधीश मतं देऊन निवडायचा असतो, हेच आपल्यातल्या बहुतेकांना इथं आल्यावर कळलं. महाराष्ट्रात दिवाणी न्यायाधीश व्हायला एमपीएससीची परीक्षा द्यावी लागते, उच्च न्यायालयातल्या नेमणुका कॉलेजियमच्या शिफारशीवरून होतात. त्यात सामान्य माणसाला कोणी काही विचारत नाही. आणि इथं नागरिकत्वाची शपथ घेतली की पहिल्याच निवडणुकीत पन्नास-साठ अनोळखी नावं समोर येतात आणि म्हणतात, सांगा, यातला कोण चांगला?

इथली पद्धत थोडक्यात सांगते. सर्किट कोर्टाचा, म्हणजे खटले पहिल्यांदा जिथं चालतात त्या कोर्टाचा, न्यायाधीश प्रायमरी आणि मुख्य निवडणूक जिंकून येतो, त्याची मुदत 6 वर्षांची. ती संपली की पुन्हा प्रतिस्पर्ध्याशी लढत नाही, फक्त 'याला ठेवायचं का' एवढाच प्रश्न मतदारांना विचारला जातो, आणि टिकायला 60 टक्के 'होय' लागतात. काही जागा सगळ्या काउंटीच्या असतात, काही सबसर्किटच्या, म्हणजे आपापल्या भागापुरत्या. बऱ्याच जागांवर दुसऱ्या पक्षाचा उमेदवारच नसतो, त्यामुळे खरा निकाल मार्चच्या प्रायमरीतच लागतो. उभं राहायला अट काय? नागरिकत्व, त्या भागातलं वास्तव्य आणि इलिनॉयचा वकिलीचा परवाना. किती वर्षं वकिली केली, एक तरी खटला स्वतः चालवला का, याची अट राज्यघटनेत नाही. ते बघण्याचं काम मतदारावर सोडलंय. म्हणजे तुमच्या-माझ्यावर.

आता नावाकडे वळते.

कुक काउंटीत आयरिश वाटणारं नाव असलं, त्यातही बाईचं असलं, तर जास्त मतं मिळतात हे इथल्या वकिलांना कित्येक वर्षांपासून माहीत आहे. उमेदवारांनी त्यासाठी कोर्टात जाऊन नावं बदलून घेतली. इतक्यांनी बदलली की 2007 मध्ये राज्याला कायदा करावा लागला, की निवडणुकीआधीच्या 3 वर्षांत नाव बदललं असेल तर मतपत्रिकेवर जुनं नावही छापायचं. त्यातूनही वाट निघाली. एका वकिलाने 2010 मध्ये शेजारच्या विल काउंटीत स्वतःच्या मूळ नावाने निवडणूक लढवली आणि हरला. पुढे त्याने आयरिश नाव घेतलं, 3 वर्षं उलटून जाऊ दिली, आणि 2018 मध्ये कुक काउंटीत न्यायाधीश म्हणून निवडून आला. हे मी वाचलं तेव्हा मला त्या वकिलापेक्षा माझीच जास्त लाज वाटली. कारण हा सगळा खटाटोप माझ्यासारख्या मतदाराच्या भरवशावर चाललेला असतो.

आणि आपणही त्यातलेच. एखादं भारतीय वाटणारं नाव यादीत दिसलं की आपल्या गटात मेसेज फिरतो, 'आपला माणूस आहे, विसरू नका'. आपली मुलं इथं न्यायाधीश व्हावीत याचा मला आनंदच आहे, ती होतायत आणि अजून व्हायला हवीत. पण बाकी कुठल्याही पदावर 'आपला' माणूस असावा असं वाटणं मी समजू शकते. न्यायाधीशाची खुर्ची त्याला अपवाद आहे. उद्या माझा कुंपणावरून शेजाऱ्याशी वाद झाला आणि न्यायाधीश त्याचा 'आपला' निघाला, तर मी काय करू? रामशास्त्री प्रभुण्यांचं नाव आपण अडीचशे वर्षं घेतो, ते ज्यांच्या पदरी नोकरी त्यांच्याच घरातल्या राघोबादादांना त्यांनी नारायणरावांच्या खुनात दोषी धरलं म्हणून. त्यांचं गाव, गोत्र किती जणांना ठाऊक आहे?

आता एक अनुभव सांगते. माझ्या मैत्रिणीची परवानगी घेऊन सांगतेय. तिचं नाव, गाव, कोर्ट, काहीही सांगणार नाही.

ती डिपेंडंट व्हिसावर इथं आलेली. लग्न मोडलं, आणि घटस्फोटाबरोबर मुलाच्या ताब्याचा प्रश्न कोर्टात गेला. मी तारखांना तिच्याबरोबर जायचे, नुसती मागच्या बाकावर बसायला. पहिल्या न्यायाधीशांसमोर चार तारखा झाल्या. चारही वेळा आमचा पुकारा झाल्यापासून पुढची तारीख मिळेपर्यंत घड्याळात पाच मिनिटंसुद्धा झाली नाहीत. नजर पूर्ण वेळ स्क्रीनवर. तिचं नाव चारही वेळा चुकीचं उच्चारलं, आणि तिने एकदा हळूच दुरुस्त केलं तर म्हणाले, वकिलामार्फत बोला. तिचं इंग्रजी चांगलं आहे हो, पण त्या खोलीत ती जे ऐकत होती ते इंग्रजी वेगळंच होतं. बाहेर आल्यावर ती मला विचारायची, 'आत्ता काय झालं?' आणि मलाही सांगता यायचं नाही.

मग न्यायाधीशांची बदली झाली, प्रकरण दुसऱ्या बाईंकडे गेलं. पहिल्याच दिवशी त्यांनी फाईल बाजूला ठेवली आणि तिला विचारलं, दुभाषी हवा आहे का, कुठल्या भाषेचा? ती नको म्हणाली. तरी बाईंनी पुढचं सगळं साध्या इंग्रजीत, थांबून थांबून सांगितलं, आणि मधेच दोघांनाही विचारलं, मी आत्ता काय म्हटलं ते तुमच्या शब्दांत सांगा. मुलाने आठवड्याच्या मधल्या दिवशी वडिलांकडे राहायचं की नाही हा मुद्दा निघाला, तेव्हा त्यांनी शाळेची बस किती वाजता येते, कुठल्या थांब्यावर येते ते विचारलं. वहीत लिहून घेतलं. त्यांनी जो निर्णय दिला तो माझ्या मैत्रिणीला पूर्णपणे मनासारखा नव्हता. पण त्या दिवशी बाहेर आल्यावर तिने मला 'काय झालं' असं विचारलं नाही. तिला कळलं होतं.

त्या रात्री मी घरी येऊन पहिल्या न्यायाधीशांची माहिती शोधली. ते कधी निवडून आले ते पाहिलं, आणि मला आठवलं. मी त्यांना मत दिलं होतं. नाव वाचायला सोपं, भारदस्त वाटलं होतं, दुसरं काहीच कारण नव्हतं. वकिलांच्या संघटनांनी त्यांच्याबद्दल 'शिफारस नाही' असं त्याच वेळी जाहीर केलं होतं. पाच मिनिटांत सापडलं असतं. मी ती पाच मिनिटं दिली नव्हती, आणि माझ्या मैत्रिणीचे आठ महिने गेले.

म्हणून मी आज इथं उभी आहे.

तर बघायचं काय? आधी एक गैरसमज दूर करते. न्यायाधीशपदाच्या उमेदवाराला 'तुम्ही अमक्या विषयावर कोणता निकाल द्याल' असं विचारून उपयोग नाही, त्याला तसं वचन देता येत नाही, आणि जो देतो त्याच्यापासून लांबच राहावं. शिवाय निवडून आल्यावर तो कुठलं काम करेल हे मुख्य न्यायाधीश ठरवतात. नवा न्यायाधीश बहुतेक वेळा ट्रॅफिक कोर्टात सुरुवात करतो, पुढे घरभाड्याचे दावे, कौटुंबिक, वारसा, फौजदारी, कुठेही जाऊ शकतो. त्यामुळे 'अमुक विषयातला तज्ज्ञ' याला मी फार वजन देत नाही. वकील न परवडणारा माणूस समोर उभा राहिला तर हा माणूस त्याच्याशी कसा बोलेल, याला देते.

हे घरबसल्या कळण्याचा सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे वकिलांच्या संघटनांचं मूल्यमापन. शिकागो बार असोसिएशनचं वेगळं असतं, आणि शिकागो कौन्सिल ऑफ लॉयर्ससारख्या अनेक संघटना एकत्र येऊन दुसरं करतात. उमेदवाराकडून लांबलचक प्रश्नावली भरून घेतात, त्याच्याविरुद्ध खटले लढलेल्या वकिलांना फोन करतात, मुलाखत घेतात, मग शेरा देतात. जो मूल्यमापनाला येतच नाही त्यालाही शिफारस मिळत नाही, आणि माझ्या मते तेवढं कारण पुरेसं आहे. जो दोन तास प्रश्नांना सामोरा जात नाही तो सहा वर्षं दुसऱ्यांना प्रश्न विचारणार! इनजस्टिस वॉच ही इथली वृत्तसंस्था प्रत्येक निवडणुकीआधी न्यायाधीशांची मार्गदर्शिका काढते. त्यात वरच्या कोर्टाने उलटवलेले निकाल, तक्रारी, पूर्वीची नोकरी, सगळं एका जागी मिळतं. नोव्हेंबरच्या यादीसाठी मी तीच उघडते, कारण खुर्चीवर बसलेल्या न्यायाधीशाबद्दल वकील जरा हात राखून लिहितात असं मला वाटतं. त्यांना उद्या त्याच्यासमोर परत उभं राहायचं असतं.

'आपल्या एका मताने काय होतं' असं परवा एका काकांनी मला विचारलं. काका, इथं टिकायला 60 टक्के लागतात आणि बहुतेक लोक न वाचता 'होय' करतात, म्हणून ही खुर्ची सहसा हलत नाही. पण 2018 मध्ये एक न्यायाधीश 60 टक्क्यांच्या खाली घसरले, 1990 नंतर पहिल्यांदाच. 2020 मध्ये आणखी एक गेल्या, नात्यातल्या लहानग्या मुलीला कोर्टामागच्या कोठडीत बंद केल्याची बातमी ज्यांच्याबद्दल आली होती त्या. लोकांनी वाचलं, म्हणून झालं. आणि लोक वाचत नव्हते तेव्हा काय झालं तेही याच काउंटीने पाहिलंय. 1980 च्या दशकात 'ऑपरेशन ग्रेलॉर्ड' या नावाने एफबीआयने इथल्या कोर्टांची चौकशी केली, तेव्हा लाच घेतल्याबद्दल 15 न्यायाधीश दोषी ठरले. त्यानंतर 1993 मध्ये एका न्यायाधीशाने तर खुनाच्या खटल्यांत पैसे घेतल्याचं सिद्ध झालं. याच मतपत्रिकेवरून ही माणसं त्या खुर्चीवर राहिली होती.

हल्ली तर न्यायाधीशाच्या हातात आणखी मोठा निर्णय आलाय. 18 सप्टेंबर 2023 पासून इलिनॉयमध्ये जामिनासाठी पैसे भरण्याची पद्धतच बंद झाली. पैसे भरण्याइतकी ऐपत आहे का हा प्रश्न राहिला नाही. आरोपीला खटल्यापर्यंत घरी पाठवायचं की आत ठेवायचं, हे न्यायाधीश समोरचा माणूस आणि कागद बघून ठरवतो. तो माणूस उद्या आपल्यापैकी कुणाचा मुलगा असू शकतो, किंवा ज्याला त्याने मारलं तो आपला असू शकतो. दोन्ही वेळा तिथं कोण बसलंय याने फरक पडतो.

आपल्याकडे म्हणतात, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. मी लहानपणापासून ऐकत आलेय, माझे आजोबा शेताच्या बांधाच्या दाव्यात वीस वर्षं तारखा करून थकले, त्यांच्या तोंडून तर रोज ऐकलंय. त्यांच्यासाठी ते खरं होतं. पण इथं आपण ती पायरी चढतच नाही, म्हणून वर कोण बसलंय हे आपल्याला कळत नाही, आणि मग आपण नावावर जातो. कोर्ट सगळ्यांना खुलं असतं. कुठल्याही कामाच्या दिवशी जाऊन मागच्या बाकावर बसा, तुम्हाला कोणी अडवत नाही. तासाभरात जे दिसतं ते शंभर पत्रकांतून कळत नाही.

पुढच्या गुरुवारी मी रोलिंग मेडोजच्या कोर्टात जाणार आहे. सकाळी साडेआठला शॉम्बर्गच्या लायब्ररीसमोरून निघेन, जेवणाच्या वेळेपर्यंत परत. गाडीत माझ्याशिवाय चार जागा आहेत. दारात पिशव्या तपासतात, त्यामुळे कात्री, सुरी असं काही बरोबर ठेवू नका. तिळगुळाच्या टेबलावर वही ठेवली आहे, यायचं असेल त्यांनी नाव लिहा. चारांपेक्षा जास्त झाली तर दुसरी गाडी आमचे हे काढतील, त्यांना विचारून ठेवलंय.