बॉक्समध्ये काय नाही ते विचारा

नमस्कार मंडळी. आज बुधवार, म्हणजे आमच्याकडे दर आठवड्याला शेतकऱ्यांकडून घरपोच येणाऱ्या भाजीच्या बॉक्सचा दिवस, आणि इथे स्टुडिओत यायच्या आधी घाईघाईत तो उघडून बघूनच आलेय मी. अळूची जुडी, अर्धा किलो दोडके, थोडी गवार, एक दुधी आणि शेपू. शेपू आमच्या घरात माझ्याशिवाय कुणी खात नाही, मुलगा तर वास आला की खोलीचं दार लावून घेतो, पण आला तर आला, बॉक्स लावायचा म्हणजे हेच असतं ना, आज काय खायचं ते आपण नाही ठरवत, रानात काय तयार झालंय त्यावर ठरतं. हे ज्याला झेपतं त्यानंच या भानगडीत पडावं असं माझं आपलं मत.

विषय काढायचं कारण असं की कोथरूडला आमच्या सोसायटीत लिफ्टमध्ये भेटेल तो विचारतो, तुम्ही कुणाकडून घेता, बरं आहे का, आम्ही पण लावू का. आणि व्हॉट्सअॅपवर तर दर आठवड्याला एक नवीन जाहिरात येते, वेताच्या टोपलीत भाज्या, त्यावर पाण्याचे थेंब, खाली लिहिलेलं थेट शेतातून. म्हटलं एकदाच काय ते बोलून टाकू.

आधी माझी फजिती सांगते. पहिली सर्व्हिस लावली तिचं नाव नाही घेत, झ्याक अॅप होतं, तीन महिन्यांचे पैसे आधी भरले तर सूट, मी लगेच भरले. बॉक्स काय देखणा, पुठ्ठ्याचा, रिबीन बांधलेला. आत फ्लॉवर, मटार, टोमॅटो, पालक, सिमला मिरची. पुढच्या आठवड्यात फ्लॉवर, मटार, टोमॅटो. त्याच्या पुढच्या आठवड्यात पण तेच. मी खूष, मुलगा खूष. सासूबाई मात्र पंढरपूरकडच्या, शेतावर वाढलेल्या, त्या नुसत्या बघत होत्या. मे महिन्यात एका दुपारी मटार सोलता सोलता म्हणाल्या, "अगं, हा कुठला गं शेतकरी, ज्याच्या रानात मे महिन्यात मटार येतो?" मी म्हटलं पॉलीहाऊस असेल आई. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त शेंग माझ्यासमोर धरली. आठच दिवसांनी कोबीची वरची पानं काढली तर आत चुरगळलेला कागद, मार्केट यार्डातल्या गाळ्याची पावती, किती डाग म्हणजे गोण्या, किती वजन, काय भाव, सगळं पेननं लिहिलेलं. सासूबाईंनी ती पावती फ्रीजवर मॅग्नेटनं लावून ठेवली, महिनाभर तिथेच होती, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायला.

आता नीट ऐका हं, मार्केट यार्डातली भाजी वाईट असं मी अजिबात म्हणत नाहीये. बरंचसं पुणं तीच खातं, आमच्या कोपऱ्यावरच्या मावशी पण भल्या पहाटे गुलटेकडीच्या मार्केट यार्डातूनच माल आणतात, पण त्या तसं सांगतात की! उन्हाळ्यातला मटार हिमाचलकडून येतो, आणि तो खायचाच असेल तर मावशींकडून घ्यावा, त्यासाठी रिबिनीचे पैसे कशाला द्यायचे.

तर तेव्हापासून मी एकच प्रश्न धरून बसलेय. नवीन सर्व्हिसवाल्याला फोन लावला की लोक विचारतात, काय काय मिळेल. मी विचारते, या आठवड्यात काय नाही? आणि मग गप्प बसते. जो म्हणतो "मॅडम सगळं आहे, तुम्ही फक्त ऑर्डर टाका," त्याला मनातल्या मनात नमस्कार. आत्ता ज्यांच्याकडून घेते तो पुरंदर तालुक्यातल्या सासवडकडच्या सहा-सात शेतकऱ्यांचा गट आहे, त्यातले एक दादा फोन घेतात, ते पहिल्याच दिवशी म्हणाले, "ताई, फ्लॉवर विचारू नका, पावसानं सडला. टोमॅटोला अजून पंधरा दिवस. कोथिंबीर आहे पण पिवळी पडलीय, ती नाही देत मी. मटार भाद्रपदाकडे बघू." मी म्हटलं मटार, पावसाळ्यात? तर म्हणाले आमच्या पुरंदरला पावसाळी मटारच तर असतो ताई. म्हणजे बघा, मटार थंडीतच येतो हे माझं ज्ञान पण अर्धवटच होतं, सासूबाईंचं पण. पण या माणसाला त्याच्या रानाचं कॅलेंडर पाठ होतं, मला तेवढं पुरे.

अजून एक परीक्षा सांगते, ही सासूबाईंची. ऋषिपंचमीच्या आठवड्यात बॉक्समध्ये काय असेल विचारायचं. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, म्हणून अळू, लाल भोपळा, पडवळ, भेंडी, मक्याची कणसं, सुरण असं सगळं एकत्र शिजवतात. आपल्या मातीतला माणूस असला तर प्रश्न पुरा व्हायच्या आत यादी सांगतो. अॅपवाला चॅटबॉट म्हणाला, तुमची विनंती नोंदवली आहे.

हे थेट घरपोच वगैरे आपल्याकडे फार जुनं नाही. महाराष्ट्रात जुलै २०१६ मध्ये फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून काढला, म्हणजे तो समितीच्या बाजारातच विकायची सक्ती राहिली नाही, त्याच सुमारास शेतकरी आठवडे बाजार सुरू झाले, ते तंबू टाकलेले, तुम्ही पाहिले असतील. पण खरी सवय लागली ती २०२० च्या लॉकडाऊनमध्ये, सोसायटीच्या गेटवर टेम्पो उभा, पाच किलोची पिशवी, आत काय आहे ते विचारायचं नाही, मिळतंय हेच खूप. जपानमध्ये तर १९७० च्या दशकातच घर चालवणाऱ्या बायकांनी शेतकऱ्यांशी असे करार केले होते, तेईकेई म्हणतात त्याला, आणि त्यात गंमत अशी की पीक बुडालं तर नुकसान पण दोघांनी वाटून घ्यायचं. आपल्याला ते जड जातं. आपल्याला भाव पडला की बॉक्स महाग वाटतो आणि भाव चढला की बॉक्समध्ये तीच भाजी हवी असते.

जुलै २०२३ आठवतोय? टोमॅटो शंभरच्या वर गेला होता. आमच्या दादांनी त्या महिन्यात ठरल्या पैशांत दर बुधवारी पाव किलो का होईना, टोमॅटो दिला. आणि पुढे भाव कोसळले तेव्हा मी पण बॉक्स बंद नाही केला, खरं सांगते, दोनदा मनात आलं होतं. म्हणून भावाची तुलना एका आठवड्याची करू नका. चार आठवडे बॉक्समधली एकेक भाजी वहीत लिहा, त्यापुढे त्याच दिवशीचा मावशींचा भाव, आणि मग बेरीज करा. माझ्या बेरजेत बॉक्स थोडा महाग पडला, आणि मला ते चालतं.

वजन मात्र करा. घरी वजनकाटा असेल तर तो पहिले दोन महिने ओट्यावरच राहू दे. सहा किलोचा बॉक्स म्हणतात आणि त्यात दोन किलोचा भोपळा, दीड किलोचा कोबी टाकला की उरलं काय? मुळा पाल्यासकट मोजला का पाल्याशिवाय, हे पण विचारा, अर्थात पाला टाकू नका, मुळ्याच्या पाल्याची भाजी पीठ पेरून काय लागते!

आता तो ऑरगॅनिक शब्द. यात फार लोक फसतात. ऑरगॅनिक, नैसर्गिक, विषमुक्त, रेसिड्यू फ्री हे चार शब्द एकाच ओळीत छापतात आणि आपल्याला वाटतं एकच आहे सगळं. तसं नाहीये. रेसिड्यू फ्री म्हणजे औषध मारलेलं असू शकतं, फक्त काढणीच्या वेळी त्याचा अंश ठरलेल्या मर्यादेच्या खाली असायला हवा. विषमुक्त हा तर नुसता छान शब्द आहे, त्याच्यामागे कागद असेलच असं नाही. कागद दोन प्रकारचे. एक मोठ्या संस्थेचं सर्टिफिकेट, त्यात भाजीसारख्या हंगामी पिकाला रासायनिक सोडल्यापासून साधारण दोन वर्षं थांबावं लागतं. दुसरं पीजीएस, म्हणजे निदान पाच शेतकऱ्यांचा गट, आणि ते एकमेकांचीच शेतं तपासतात, शेजाऱ्याची नजर कशी असते माहितीये ना आपल्याला, मला तर ते जास्त कडक वाटतं. आणि जो छोटा शेतकरी स्वतः पिकवून थेट गिऱ्हाइकाला विकतो, वर्षाची उलाढाल १२ लाखांपर्यंत, त्याच्यावर सर्टिफिकेटची सक्ती नाही, पण मग त्याला जैविक भारतचा, म्हणजे सरकारमान्य ऑरगॅनिक मालावरचा, लोगो पण लावता येत नाही. म्हणजे दादांकडे लोगो नाही म्हणून ते खोटे असं होत नाही. आणि ज्यानं लोगो लावलाय त्याला कागद दाखवा म्हणायला लाजायचं कारण नाही. आमचे दादा तर सरळ म्हणतात, "ताई, पालेभाजीला काही मारत नाही, वांग्याला कधी कधी मारावं लागतं, शेंडेअळी ऐकत नाही." मला हे उत्तर सर्टिफिकेटपेक्षा पटलं. तुम्हाला नाही पटणार कदाचित, घरात लहान बाळ असेल तर मी पण कागदच मागितला असता.

बाकी किरकोळ गोष्टी भराभर सांगते. डिलिव्हरी कधी होणार हे सगळे सांगतात, भाजी काढली कधी ते विचारा. गावाला जाणार असू तर किती आधी कळवायचं, सुट्टीचा आठवडा पुढे ढकलतात का पैसे बुडाले. न आवडणाऱ्या दोन भाज्या लिहून ठेवता येतात का, आमच्या सासूबाई चातुर्मास पाळतात, कांदा-वांगं बंद, तर दादा त्याऐवजी दुसरं काही टाकतात, न सांगता. पैसे पहिल्यांदा महिन्याचेच भरा, तिमाहीची सूट गेली खड्ड्यात. सोसायटीत दहा-बारा घरं मिळून एका दिवशी घेतलंत तर टेम्पोची एकच फेरी, भाव कमी करून मागता येतो. आणि वॉचमनकाकांना सांगून ठेवा की बॉक्स उन्हात ठेवू नका, आमची पहिली अंबाडी अशीच गेटवर शिजली होती.

आणि कुणी लावू नये ते पण सांगते. आठवड्यातले चार दिवस बाहेर जेवत असाल तर नका लावू. पालेभाजी निवडायला घरात एकही हात मोकळा नसेल तर नका लावू, निवडलेली, चिरलेली, डब्यात भरलेली भाजी मिळते, ती घ्या, त्यात कमीपणा काही नाही. नाहीतर रविवारी रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात काळं पाणी सुटलेला पालक आणि घरात भांडण, हे मी स्वतः भोगलंय.

एक गोष्ट मला बरेच दिवस टोचत होती, ती कोपऱ्यावरच्या मावशींची. बारा वर्षं त्यांच्याकडून भाजी घेतली आणि आता त्यांच्यासमोरून बॉक्स घेऊन जायचं, मी तर सुरुवातीला पार्किंगमधून वळसा घालून जायचे. आले, लसूण, मिरची, लिंबू, बटाटे अजूनही त्यांच्याकडूनच घेते, पण तरी. तर आज सकाळी शेवटी धीर केला, शेपूची जुडी उचलली आणि सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले, म्हटलं मावशी, आमच्याकडे माझ्याशिवाय कुणी खात नाही, तुम्ही घ्या. त्यांनी जुडी हातात घेतली, उलटी केली, मुळाची माती नखानं खरवडली, एक काडी मोडून नाकाशी नेली. म्हणाल्या, "आजची नाय ही. काल दुपारची उपटलेली हाय."

मला वाईटच वाटलं, कारण दादा सांगतात पहाटे काढतो म्हणून. तिथूनच फोन लावला, स्पीकरवर. दादा म्हणाले, "बरोबर आहे ताई, काल ढग भरून आले होते, भिजली असती तर सडली असती, म्हणून दुपारीच काढून घेतली. बाकीचं पहाटेचं आहे. कुणी ओळखलं?"

मी फोन मावशींकडे दिला. दोघं पाच मिनिटं बोलत होते, शेपूला यंदा काय भाव, सासवडला पाऊस किती, कुणाच्या बांधावर काय लावलंय. माझी रिक्षा ताटकळली होती. फोन परत देताना मावशींनी जुडी आपल्या टोपलीत टाकली आणि माझ्या पिशवीत आल्याचा मोठा तुकडा, वर म्हणाल्या, पुढच्या बुधवारी अळू आला तर देठं टाकू नको, मला आण.