चोवीस तास कुठून मोजायचे?

अटक पंचनाम्यावर एक छोटा रकाना असतो : अटकेची वेळ. हेबियस कॉर्पसचा, म्हणजे बेकायदा कोठडीतल्या माणसाला न्यायालयापुढे आणायला लावणाऱ्या याचिकेचा, बराचसा झगडा या रकान्याशीच असतो.

अटक केलेल्या माणसाला, प्रवासाचा वेळ सोडून, 24 तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करा, असं राज्यघटनेचा अनुच्छेद 22 सांगतो. पण माणसाला सकाळी सातलाच घरून नेलेलं असतं. ‘नुसती चौकशी आहे’ म्हणत दिवसभर बाकावर बसवतात आणि रकान्यात पडतं, रात्री नऊ. कागदावर सगळं नियमात!

ते खोडायचं तर घरच्यांनी पहिल्या तासापासून हालचाल करावी. नेणाऱ्या गाडीचा नंबर आणि इमारतीच्या कॅमेऱ्यातलं चित्रण हाताशी ठेवावं. ठाण्यात लेखी अर्ज देऊन पोच मागावी. पोच नाकारली तर लगेच वरिष्ठांना ईमेल करावा, त्यावर वेळ आपोआप उमटते. ठाण्यातलं सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवा, ही मागणीही त्यातच करावी.

याचिका उच्च न्यायालयात, अनुच्छेद 226 खाली. सत्र न्यायालयाला हा अधिकार नाही. कोठडीतल्या माणसाची सही लागत नाही. पत्नी, भाऊ, मित्रही शपथपत्रावर दाखल करू शकतात. कोणी नेलं, कधी, कुठून, कुणाला कळवलं, एवढं तारीखवार लिहावं. संताप पानोपानी ओतला की नेमकी वेळ त्यात बुडते.

नोटीस निघाल्यावर पुष्कळदा माणूस अचानक ‘सुटतो’ आणि याचिका निकाली निघते. म्हणून भरपाईची मागणी आधीच लिहून ठेवावी. निर्दोष ठरूनही 14 वर्षं बिहारच्या तुरुंगात राहिलेल्या एकाला सर्वोच्च न्यायालयाने 1983 मध्ये अशाच याचिकेत भरपाई दिली होती.

खरी अडचण रिमांडनंतर. दंडाधिकाऱ्यांनी कोठडी दिली की न्यायालय सहसा जामिनाकडे बोट दाखवतं. आदेश अधिकाराबाहेरचा किंवा डोळे झाकून दिलेला असेल, तरच दार किलकिलं राहतं. मात्र अटकेची कारणंच कळवली नसतील तर अटक बेकायदा ठरते आणि नंतरच्या रिमांडने ती सावरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये स्पष्ट केलं.

स्थानबद्धतेत, म्हणजे पुढे काही घडू नये म्हणून आधीच कोठडीत टाकतात तेव्हा, 24 तासांचा नियमच नाही. तिथे आदेशासोबत दिलेल्या कागदांचं बाड पान-पान उलटावं लागतं. 1962 मध्ये महाराष्ट्रातल्या एका स्थानबद्धाला कारणं इंग्रजीत दिली होती. त्याला ती भाषा येत नव्हती, आणि आदेश तेवढ्यावर पडला. आजही झेरॉक्सचं एखादं पान इतकं पुसट असतं की वाचताच येत नाही. त्या पानाचा क्रमांक याचिकेत लिहायचा.