एक फ्रेम, चार वापरणारे: सी भाषेतली रेफरन्स मोजणी

[पडद्यावर: थांबवलेला व्हिडिओ, कोपऱ्यात फ्रेमचं माप]

एचडी व्हिडिओतली ही एक फ्रेम. रुंदी १९२०, उंची १०८०. वाययूव्ही ४:२:० (उजेडापेक्षा रंगाचा तपशील कमी साठवणाऱ्या) पद्धतीत एका पिक्सेलला सरासरी दीड बाइट लागतो, म्हणजे एकूण ३१ लाख १० हजार ४०० बाइट. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर पावणेआठ कोटींच्या वर.

फ्रेम तयार करतो डीकोडर, म्हणजे दाबून साठवलेला व्हिडिओ उलगडणारा भाग. पण ती त्याच्या एकट्याची राहत नाही. पुढच्या फ्रेम उलगडताना त्याला स्वतःलाच ती पुन्हा लागते; एच-२६४ या व्हिडिओ प्रकारात अशा संदर्भाच्या फ्रेम १६ पर्यंत असू शकतात. त्याच वेळी ती पडद्यावर दाखवायची असते, फिल्टरमधून जायची असते, रेकॉर्डिंग चालू असेल तर एन्कोडरलाही, म्हणजे व्हिडिओ पुन्हा दाबून साठवणाऱ्यालाही, द्यायची असते. प्रत्येकाला वेगळी प्रत देणं परवडत नाही. म्हणून मेमरी एकच आणि वापरणारे चार. सी भाषेत कुणी मागून येऊन आवराआवर करत नाही. मग ही मेमरी मोकळी करायची कुणी?

जो शेवटी सोडेल, त्याने. आणि शेवटचा कोण हे कळावं म्हणून बफरसोबत, म्हणजे फ्रेमच्या मेमरीच्या तुकड्यासोबत, एक आकडा ठेवायचा: सध्या किती जण धरून आहेत. हीच रेफरन्स मोजणी. एफएफएमपेग या मुक्त लायब्ररीने २०१३ पासून हीच पद्धत धरली आहे आणि तिची मांडणी बारकाईने पाहण्यासारखी आहे.

[पडद्यावर: एक मोठा चौकोन, त्याकडे बाण असलेले चार छोटे चौकोन]

इथे दोन वेगळी स्ट्रक्चर आहेत. एव्ही-बफर हे आतलं: त्यात डेटाचा पत्ता, आकार, मोजणी आणि मोकळं करणाऱ्या फंक्शनचा पत्ता. वापरणाऱ्याला ते दिसतच नाही. त्याच्या हातात असतं एव्ही-बफर-रेफ, ६४ बिटी मशीनवर जेमतेम २४ बाइटचं. प्रत्येकाचं रेफ स्वतःचं, मागचा बफर सगळ्यांचा. नवा रेफरन्स घेतला की मोजणी एकाने वाढते, अनरेफ केलं, म्हणजे रेफरन्स सोडला, की एकाने उतरते.

अनरेफला पॉइंटर (मेमरीचा पत्ता ठेवणारं व्हेरिएबल) द्यायचा नसतो, पॉइंटरचा पत्ता द्यायचा असतो. काम झालं की ते फंक्शन तुमचा पॉइंटर नल, म्हणजे रिकामा, करून ठेवतं. त्यामुळे त्याच व्हेरिएबलवर चुकून दोनदा अनरेफ झालं तरी काही बिघडत नाही. पण रेफरन्स न घेता नुसतं 'बी बरोबर ए' लिहिलं, तर ही सोय कामाला येत नाही. ए नल होतो, बी जुन्याच पत्त्याकडे बघत राहतो, आणि बीवर अनरेफ झालं की डबल फ्री: तीच मेमरी दोनदा मोकळी.

आता थ्रेड, म्हणजे एकाच प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या धारा. मोजणी साध्या 'प्लस प्लस'ने वाढवली तर आत तीन कामं होतात: आकडा वाचणं, एक मिळवणं, परत लिहिणं. दोन थ्रेडनी एकाच क्षणी २ वाचला तर दोघंही ३ लिहितील. व्हायला हवे होते ४. एक धारक मोजणीतून हरवला. पुढे कधीतरी आकडा वेळेआधीच शून्यावर येणार आणि कुणीतरी मोकळ्या झालेल्या मेमरीतून वाचत राहणार. म्हणून सी-११ च्या अ‍ॅटॉमिक क्रिया वापरायच्या; त्यांत ही तीन कामं एकसंध होतात, मध्ये कुणी घुसू शकत नाही.

कमी करताना आणखी एक सापळा आहे. आधी एक वजा करायचा आणि मग आकडा पुन्हा वाचून 'शून्य झाला का' असं विचारायचं, हे चूक. मोजणी २ असताना दोन थ्रेड एकापाठोपाठ वजा करतात, मग दोघंही शून्य वाचतात आणि दोघंही फ्री करतात. वजाबाकीच्या क्रियेने परत दिलेली जुनी किंमतच तपासायची: ती १ असेल तर शेवटचा तो आपणच.

वाढवताना रिलॅक्स्ड (आजूबाजूच्या वाचण्या-लिहिण्याच्या क्रमाची हमी न देणारा) क्रम पुरतो, कारण वाढवणाऱ्याच्या हातात आधीपासूनच एक वैध रेफरन्स असतो. कमी करताना मात्र अ‍ॅक्वायर-रिलीज लागतो. बाकीच्यांचं बफरमधलं वाचणं-लिहिणं पूर्ण झाल्याशिवाय फ्री व्हायला नको. हा क्रम चुकला तर ती चूक एक्स-८६ प्रोसेसरच्या संगणकांवर बहुधा दडून राहते आणि एआरएम प्रोसेसरच्या फोनवर उघडी पडते.

[पडद्यावर: रांग, एका बाजूला देणारा थ्रेड, दुसऱ्या बाजूला घेणारा]

फ्रेम दुसऱ्या थ्रेडकडे पाठवायची असेल तर रेफरन्स आधी घ्या आणि मग रांगेत टाका. उलट केलं, तर मधल्या काही मायक्रोसेकंदांत समोरचा फ्रेम वापरून सोडूनही देतो आणि तुम्ही मेलेल्या बफरची मोजणी वाढवत बसता.

एवढं सगळं नीट केलं तरी मोजणी एकाच प्रश्नाचं उत्तर देते: मेमरी कधी सोडायची. आतल्या पिक्सेलना ती हात लावू देते की नाही, याच्याशी तिचा संबंध नाही. ही गफलत फार महागात पडते. समजा, फिल्टरने फ्रेमच्या कोपऱ्यात लोगो काढला आणि तीच फ्रेम डीकोडर संदर्भ म्हणून वापरतो आहे. पुढच्या फ्रेममध्ये हलणाऱ्या वस्तूंबरोबर लोगोचे तुकडे ओढले जातात आणि पुढची की-फ्रेम (इतर फ्रेमवर अवलंबून नसलेली पूर्ण फ्रेम) येईपर्यंत चित्र फाटत राहतं. क्रॅश नाही, लीक (सोडायची राहिलेली मेमरी) नाही, मोजणी अगदी बरोबर. लिहिण्याआधी मेक-रायटेबल हे फंक्शन बोलवायचं ते यासाठी. मोजणी १ असेल आणि बफर फक्त वाचण्यापुरता नसेल तर आहे तोच वापरला जातो. नाहीतर नवी जागा घेऊन पूर्ण फ्रेमची प्रत होते.

लीक बहुतेक वेळा सरळ वाटेवर होत नाही, चुकीतून लवकर परतणाऱ्या वाटेवर होते. मध्येच 'रिटर्न' लागतो आणि त्याच्यापुढची अनरेफची ओळ राहून जाते. अशी प्रत्येक फ्रेम सुटली तर आठ जीबी मेमरी दोन मिनिटांच्या आत संपते.

लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, हीच चूक सुरक्षेवर बेतली. जानेवारी २०१६ मध्ये उघड झालेली सीव्हीई-२०१६-०७२८ ही त्रुटी: कीरिंग (गुप्त किल्ल्यांचा संच) जोडणाऱ्या कोडमध्ये एका वाटेवर रेफरन्स सोडायचा राहिला होता. तीच क्रिया पुन्हा पुन्हा केली की ३२ बिटांचा आकडा ४२९ कोटींवर जाऊन फिरून शून्यावर येई. आकडा शून्य, वस्तू मोकळी, पण पॉइंटर जिवंत. तिथून साध्या वापरकर्त्याला रूटचा, म्हणजे सर्वाधिकारी खात्याचा, ताबा मिळवता येत होता. २०१७ च्या ४.११ आवृत्तीत रेफकाउंट-टी हा वेगळा प्रकार आला. त्यातली मोजणी ओसंडायला लागली की एका ठरावीक किमतीवर गोठते. मेमरी लीक होते, पण हल्लेखोराच्या हाती जात नाही. ही निवड योग्यच आहे.

[पडद्यावर: पूलमधून निघणारे आणि परत येणारे बफर]

शेवटी पूल, म्हणजे पुन्हा वापरायच्या बफरचा साठा. ३१ लाख बाइटची कोरी मेमरी म्हणजे ४ केबीची ७६० पानं. ती दर फ्रेमला नव्याने घेणं जड जातं. म्हणून मोजणी शून्य झाल्यावर फ्री न करता बफर पूलमध्ये परत जातो. पूल बंद करा म्हटलं तरी बाहेर गेलेला शेवटचा बफर परतेपर्यंत तो टिकतो, कारण त्याचीही मोजणी असते.

पण पूल चालू असताना अ‍ॅड्रेस-सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारं साधन) गप्प बसतो. त्याच्या लेखी मेमरी मोकळी झालेलीच नसते, त्यामुळे सोडलेल्या बफरमधून कुणी वाचलं तरी तक्रार येत नाही. फक्त चित्रात मध्येच भलतीच फ्रेम चमकते. अशा वेळी चाचणीपुरता पूल काढून थेट मॅलॉक (मेमरी घेणारं फंक्शन) आणि फ्री (सोडणारं) लावायचं. मग सॅनिटायझर तीन जागा ओळ क्रमांकासकट दाखवतो: मेमरी कुठे घेतली, कुठे सोडली आणि सोडल्यानंतर कुणी वाचली.